दिवसभर मजेत, आई दिसली की भोकाड

प्रश्न : माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे. बाळंतपणाची रजा आणि साठवलेल्या सगळ्या रजा संपवून मी गेल्या महिन्यात कामावर रुजू झाले. घराजवळच एका काकूंचं पाळणाघर आहे, तिथे सहा मुलं असतात. पहिला आठवडा मुलगी हसत गेली. आम्हाला वाटलं, सुटलो. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र फाटक दिसलं की माझ्या गळ्याला मिठी आणि रडारड. सासूबाई म्हणतात, तिची नजर चुकवून निघत जा. काकू म्हणतात, तुम्ही गेल्यावर पाच मिनिटांत गप्प होते, दिवसभर छान खेळते. मग संध्याकाळी मला पाहिल्यावर भोकाड का पसरते? माझी नणंद जर्मनीत असते. तिला तिथल्या पाळणाघरात मुलाबरोबर बरेच दिवस बसावं लागलं होतं. त्याची खरंच गरज असते, की ते आपले श्रीमंत देशांचे चोचले?
— एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर : संध्याकाळचं रडणं आधी घेऊ, कारण पत्रात तेच तुम्हाला सगळ्यात जास्त टोचलेलं दिसतं. ती तुमच्यावर रागावलेली नाही, आणि काकूंनी दिवसभर हाल केले असाही त्याचा अर्थ होत नाही. नऊ महिन्यांचं बाळ परक्या घरात आठ-नऊ तास काढतं तेव्हा ते आपल्या परीने सावरून राहिलेलं असतं. आवाज वेगळे, अंगाई वेगळी, खिमटाची चव वेगळी, कडेवर घेण्याची तऱ्हा वेगळी. हे सगळं ते निभावून नेतं. मग जिच्यापाशी काहीच निभावावं लागत नाही ती व्यक्ती दारात दिसते आणि बांध फुटतो. शाळेत गुडघा फोडून घेतलेला मुलगा रस्ताभर नीट चालत येतो आणि आईने "काय झालं रे?" म्हटलं की रडायला लागतो, त्यातलाच हा प्रकार. त्यात दिवेलागणीची वेळ. या वयाची मुलं दिवसाच्या शेवटी तशीही किरकिरतात, दुपारची झोप परक्या जागी अर्धवट झालेली असते, भूकही लागलेली असते. सासूबाई दृष्ट काढणार असतील तर काढू द्या, फक्त पोट भरलंय का तेही त्याच वेळी पाहा.

पर्स खांद्यावर, चप्पल पायात आणि "चला चला, रिक्षा थांबलीय" अशा घाईत तिला उचलू नका. तिथेच दहा मिनिटं बसा. अंगावर पीत असेल तर तिथेच घ्या. फोन पिशवीत राहू दे. काकूंशी दोन शब्द बोला, पण तिच्या डोक्यावरून तिच्याच तक्रारींचा पाढा नको. मुलांना शब्द कळत नसले तरी सूर कळतो. काकूंच्या आणि तुमच्या आवाजात मोकळेपणा असला की तो तिच्यापर्यंत पोचतो. घरी गेल्यावर तासभर कुकरची शिट्टी लांबणीवर टाकता आली तर उत्तम. नाहीच आली तर बाळाला ओट्याजवळ बसवा आणि कुकर नवऱ्याला लावू द्या.

आता पहिला आठवडा हसत का गेली ते पाहू. बुवा-कुक खेळताना एक साधा प्रयोग करून बघा. तिच्या आवडीची वाटी तिच्या डोळ्यांदेखत दुपट्याखाली लपवा. चार-पाच महिन्यांची असताना हेच केलं असतं तर तिने वाटीचा नाद सोडून दुसरीकडे पाहिलं असतं. दिसत नाही ते तिच्या लेखी नव्हतंच. आता ती दुपटं ओढून वाटी काढेल. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांवर असेच खेळ करून हा बदल टिपून ठेवला, आणि तो साधारण आठव्या महिन्याच्या आसपास होतो असं त्यांना दिसलं. दिसत नसलेली वाटी कुठेतरी आहे हे कळणारं डोकं, दिसत नसलेली आईही कुठेतरी आहे हे जाणतं. ती कुठेतरी आहे, पण इथे नाही. आणि ती परत येईल हे कळायला मात्र आणखी बरेच महिने लागतात. या मधल्या काळात बाळ सगळ्यात जास्त रडतं. विरहाची ही भीती सहा ते आठ महिन्यांच्या दरम्यान डोकं वर काढते, दहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत जोरात असते आणि पुढे ओसरते.

म्हणजे तुमची मुलगी बिघडली नाही, हुशार झाली. पहिल्या आठवड्यात ते फाटक तिच्या दृष्टीने नुसतं फाटक होतं. नवी खेळणी, नवी मुलं, भिंतीवरचा हत्ती. आता तिला ठाऊक झालंय की या फाटकातून आत गेलं की आई जाते.

यात आपल्या कायद्याचाही नकळत हातभार लागतो. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ते चांगलंच झालं. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने, म्हणजे उष्टावणाचा मुहूर्त. त्याला शिल्लक रजा जोडून आया आठव्या-नवव्या महिन्यात कामावर जातात, नेमक्या या भीतीच्या तोंडावर. कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण घडतं असं. चार-पाच महिन्यांची मुलं पाळणाघरात पटकन रुळल्यासारखी दिसतात आणि दहा महिन्यांची दिसत नाहीत, यात पाळणाघराच्या गुणदोषांचा भाग कमी आणि वयाचा जास्त असतो.

सासूबाईंच्या सल्ल्याबद्दल. नजर चुकवून निघणं त्यांच्या काळात चालून गेलं, कारण तेव्हा आई गेली तरी घर तेच राहायचं. आजीची मांडी, काकूची कडेवर घेण्याची सवय, शेजारच्या खोलीतली ताई, ओळखीचा वास, ओळखीची भांड्यांची खळखळ. माणसांच्या घोळक्यातून एक माणूस हळूच उठून गेलं एवढंच. पाळणाघरात उरलेलं सगळंच नवं असतं, म्हणून तीच युक्ती तिथे उलटते. आई कधी नाहीशी होईल याचा नेम नाही, एवढाच धडा बाळ घेतं आणि पहारा सुरू करतं. मग घरीही आई न्हाणीघरात गेली की बाहेरून दारावर थापा. रात्री कुशीवर वळलं तरी जाग. ज्या घरांत बाळ "अचानक फार चिकट झालं" अशी तक्रार असते, तिथे सकाळी आई कशी निघते ते आधी विचारावं.

तेव्हा सांगून निघा. पण निरोप लांबवू नका. काकूंच्या कडेवर दिलं, गालावर हात फिरवला, रोज तेच एक वाक्य ("आई ऑफिसला जाते, संध्याकाळी येते") आणि पाठ फिरवली. ती रडेल. रडण्याचा आवाज ऐकून परत फिरू नका, कारण परत फिरलं की निरोप दोनदा होतो आणि दुसरा पहिल्यापेक्षा वाईट. तुम्हाला जिना उतरताना रडू आलं तर येऊ द्या, फक्त तिच्यासमोर नको. काही घरांत बाबा सोडायला गेले की हेच मूल कुरकुर न करता जातं. त्याचा अपमान वाटून घेऊ नका, सोय म्हणून पाहा आणि महिनाभर ती जबाबदारी त्यांच्याकडे द्या.

काकूंच्या "पाच मिनिटांत गप्प होते" या वाक्यापाशी मात्र थांबायला हवं. गप्प होणं आणि रुळणं यांत फरक आहे, आणि तो ओळखायला जगातल्या डॉक्टरांनाही वेळ लागला. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी लंडनच्या एका रुग्णालयात छोट्या कॅमेऱ्याने एक चित्रपट टिपला. अडीच वर्षांची लॉरा, बेंबीच्या हर्नियाची छोटी शस्त्रक्रिया, आठ दिवसांचा मुक्काम. त्या काळी आईवडिलांनी वॉर्डात राहायची पद्धत नव्हती, भेटीही मोजक्या. लॉरा फार आक्रस्ताळेपणा करत नाही. ओठ मुडपते, टेडी घट्ट धरते, आईबद्दल विचारते, नंतर आई आली तरी तोंड फिरवते. परिचारिकांच्या मते अशी मुलं शहाणी, लवकर रुळणारी. रॉबर्टसन यांनी दाखवलं की हे रुळणं नव्हे, मूल आशा सोडून आत मिटत चाललंय. चित्रपट दाखवला तेव्हा कित्येक डॉक्टर भडकले. पण १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या प्लॅट समितीने मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना केव्हाही येऊ द्यावं अशी शिफारस केली. आज आपल्याकडे आजारी बाळाच्या खाटेशेजारी आई बसलेली असते त्यात आपल्याला काहीच विशेष वाटत नाही, पण या गोष्टीसाठी तिकडे भांडावं लागलं होतं.

पाळणाघर म्हणजे रुग्णालय नव्हे, आणि तुम्ही रोज संध्याकाळी जाता. तरीही काकूंना "आज रडली का?" असं विचारण्याऐवजी "रडली तेव्हा कुणाकडे गेली?" असं विचारा. उत्तर "माझ्याकडे हात केले, खांद्यावर डोकं टेकलं" असं आलं तर गाडी रुळावर आहे, मग ती रोज सकाळी कितीही रडो. उत्तर "कुणाकडे नाही, एकटीच कोपऱ्यात बसते, पण त्रास काही देत नाही" असं असेल, तर ती गप्प आहे, रुळलेली नाही.

जर्मनीच्या पद्धतीचं मर्म नेमकं हेच आहे, म्हणून त्याला चोचले म्हणू नका. तिथे वर्ष पुरं झालेल्या प्रत्येक मुलाला १ ऑगस्ट २०१३ पासून पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्यामुळे बरीच मुलं वर्षाच्या आसपास, म्हणजे ऐन भीतीच्या वयात, तिथे दाखल होतात. या वयाच्या मुलांसाठी ऐंशीच्या दशकातच बर्लिनमध्ये एक रीत बसवली गेली होती. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर येतात, कोपऱ्यात बसतात आणि मुलाला घेऊनच परत जातात. या तीन दिवसांत मुलाला सोडून जायचं नाही. ठरलेली एकच ताई हळूहळू जवळ येते, खेळण्यातून ओळख करते. चौथ्या दिवशी आई सांगून खोलीबाहेर जाते, फार तर अर्ध्या तासासाठी, आणि इमारतीतच थांबते. (चौथा दिवस सोमवारी येऊ देत नाहीत. शनिवार-रविवार घरी काढलेल्या मुलाची सोमवारी परीक्षा घ्यायची नाही, हे कुणाही काकूंना पटेल.) मूल रडलं आणि ताईने दोन-तीन मिनिटांत समजावलं तर पुढचं लवकर आटोपतं. नाहीच समजावता आलं तर आई परत येते आणि सगळा कार्यक्रम दोन-तीन आठवड्यांवर जातो. शेवटही ठरलेला असतो. मूल रडायचं थांबलं म्हणजे रुळलं असं ते मानत नाहीत. रडताना ताईकडून समजूत घालून घेतली, म्हणजे रुळलं.

यातही जादू नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या बर्लिनमधल्या एका अभ्यासात सव्वा वर्षाच्या मुलांच्या लाळेत कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं होतं. आई बरोबर बसली असताना, आईशी घट्ट नातं असलेल्या मुलांमध्ये ते कमी राहिलं. आई निघून गेल्यावर मात्र सगळ्यांचंच चढलं. म्हणजे आईने बसल्याने ताण नाहीसा होत नाही, फक्त तो सोसायला जवळ एक ओळखीचा खांदा तयार झालेला असतो. बाळ जागेला रुळत नाही, माणसाला रुळतं. पाळणाघरातला रंगीत डबा, घसरगुंडी, भिंतीवरची बाराखडी या सगळ्या गोष्टी आपल्यासाठी असतात.

तुम्हाला दोन-तीन आठवडे रजा मिळणार नाही हे उघड आहे. पण घरात आणखी माणसं आहेत. गुरुवार-शुक्रवारी बाबांनी अर्धा दिवस टाकून तिथे बसावं, पुढच्या आठवड्यात सासूबाईंनी दोन सकाळी तासभर. त्या त्या आठवड्यात बसणारं माणूस शक्यतो तेच असावं आणि त्याने बाळाशी खेळू नये, नुसतं दिसत राहावं. खेळायचं काम काकूंचं. आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहज जमते आणि जर्मनीत जमणार नाही. काकूंना एखाद्या रविवारी चहाला बोलवा. स्वतःच्या घरात, आजीच्या शेजारी बसून पोहे खाणारी काकू बाळाने पाहिली की ती परकी उरत नाही. डहाणूजवळ बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडकांनी बालशाळा सुरू केली, पण वस्त्यांवरची मुलं तिथे येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ मुलांच्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणवाडी आली ती तिथून. मुलाने नव्या माणसाकडे जाण्याआधी नव्या माणसाने मुलाकडे जावं, ही गोष्ट आपण विसरलो की काय असं हल्लीची नर्सरीची दारं पाहून वाटतं.

सकाळी बरोबर काय द्यावं? तुमची धुतलेली नव्हे, वापरलेली ओढणी काकूंपाशी ठेवा. बाळं आईचा वास जन्मल्यापासून काही दिवसांतच ओळखतात. काकूंनी तिला मांडीवर घेताना ती खांद्यावर टाकावी. पण झोपलेल्या बाळाजवळ सुटं कापड ठेवू नये, वर्षाच्या आतलं मूल त्यात गुदमरू शकतं. अंगावरचं दूध काढून देत असाल तर २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ते चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. आपल्याकडे मार्च ते जून खोलीचं तापमान २५ वर कधी जातं ते कळतही नाही, तेव्हा बर्फाच्या पिशवीतूनच न्या. बाटली घेत नसेल तर हट्ट नको, वाटी-चमचा किंवा आपलं जुनं बोंडलं चालतं, फक्त ते रोज उकळलेलं असावं. दिवसभर कमी पिऊन रात्री ही मुलं भरपाई करतात. तीन-तीनदा उठवतील. आठवडा-दोन आठवडे ते गृहीतच धरा.

मोबाइलवर पाळणाघराचा कॅमेरा दिसतो म्हणून निश्चिंत होऊ नका आणि दर दहा मिनिटांनी तो पाहूही नका. आवाज नसलेल्या चित्रात गप्प बसणं आणि रुळणं सारखंच दिसतं. त्यापेक्षा अवेळी, न सांगता दोनदा जाऊन या. तुमच्या कार्यालयात पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कायद्यानुसार पाळणाघराची सोय मालकाने करायची असते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभा असते. मनुष्यबळ विभागाला लेखी विचारा. तोंडी विचारलं की "बघू" येतं.

जे पाळणाघर बाळ दारातच घेतं आणि दारातच देतं, आत डोकावू देत नाही, ते कितीही चकचकीत असलं तरी घेऊ नये. तीन-चार आठवड्यांनंतरही बाळ कुणाच्याच खांद्यावर टेकत नसेल, घरीही खेळेनासं झालं असेल, वजन अडलं असेल किंवा अंगावर कारण न कळणाऱ्या खुणा दिसल्या, तर सवयीची वाट पाहत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि जागा बदला. सर्दी-खोकला मात्र येणारच. पहिल्या वर्षी आठ-दहा वेळा येतो. तो जागा बदलण्याचं कारण नव्हे.

आणि मनात जो प्रश्न आहे पण पत्रात लिहिला नाही, त्याबद्दल. अमेरिकेत १९९१ पासून दहा ठिकाणच्या तेराशेहून अधिक मुलांचा जन्मापासून मागोवा घेतला गेला. मूल पाळणाघरात गेलं एवढ्यावरून आई-मुलाचं नातं सैल पडलं असं त्यात दिसलं नाही. आई घरी असताना मुलाच्या हाकेला कशी ओ देते, यावर नातं जास्त अवलंबून होतं. धोका दिसला तो दोन्हीकडे हेळसांड असेल तिथे.

प्रश्न : मुलगा सव्वा वर्षाचा आहे, पाळणाघरात छान रुळलाय. इतका की संध्याकाळी काकूंना सोडत नाही आणि माझी बायको हिरमुसते. मे महिन्यात काकू पंधरा दिवस गावाला जाणार आहेत. सगळं पुन्हा पहिल्यापासून?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिल्यापासून नाही, पण मधूनच म्हणा. मागच्या पत्राला दिलेलं उत्तर वाचलंत तर कारण कळेल. तो त्या घराला नव्हे, त्या बाईंना रुळलाय. काकूंना न सोडणारा मुलगा आईला विसरलेला नसतो. रात्री ताप आला की तो कुणाला हाक मारतो ते बायकोला आठवायला सांगा. काकूंच्या जागी येणारी ताई त्या निघण्याआधी चार-पाच दिवस त्यांच्या बरोबरीने असू द्या. भरवणं, शी-शू, झोपवणं ही कामं काकूंच्या देखत तिने करावीत, आणि सोमवारी नव्हे, गुरुवारी एकटीने हातात घ्यावीत. त्या पंधरा दिवसांत घरात दुसरा बदल नको. जावळ, दूध सोडवणं, नवा पलंग, सगळं जूनवर ढकला. काकू परत आल्या की पहिल्या दिवशी तो त्यांच्याकडे पाहणारही नाही कदाचित. त्यांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्या मनाला लावून घेणार नाहीत. आणि त्या पंधरा दिवसांचे त्यांचे पैसे कापू नका.